मायलेकींचं कॉलेज

पडदे शिवणाऱ्या बाईने बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं आणि गल्लीला बसल्याजागी विषय मिळाला. "आता या वयात काय दिवे लावणार?" असं तिच्या दुकानासमोरून जाता जाता, तिला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं जायचं. बाई मशीन आणखी जोरात चालवायची.

खरं तर हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं होतं तिच्याच लेकीने. लेक वर्षभर आधी कॉलेजला लागली होती, आणि रोज ताटावर बसली की तिचं सुरू व्हायचं. आमच्या ग्रुपने आज तास बुडवला. आमच्या ग्रुपने एका बशीतलं सहा जणांत खाल्लं. एकीच्या वाढदिवसाला आम्ही सरांना गाणं म्हणायला लावलं. बाप दिवसभर बसची इंजिनं खोलून दमून आलेला असायचा, तोही घास हातात धरून ऐकत राहायचा. आईचं तर बारावी झाल्या झाल्या लग्न लावून दिलं होतं. त्या गोष्टी ऐकताना तिचा जीव वरखाली व्हायचा. हेवा म्हणा हवं तर. पोटच्या पोरीचाही हेवा वाटतो माणसाला.

तिने प्रवेश घेतल्याचं सांगितलं तेव्हा लेकीचा चेहरा खर्रकन उतरला.

"आमच्याच कॉलेजात?"

"मग? चालत जाता येईल असं दुसरं आहे कुठे?"

लेकीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "ये. पण तिथे मला ओळख दाखवायची नाही. हाक मारायची नाही, वर्गाकडे फिरकायचं नाही. कॉलेजात आपण एकमेकींच्या कोणी नाही."

हे आईच्या जिव्हारी लागलं. पोरीला आपली लाज वाटते, दुसरं काय! पण हौस मोठी होती. तिने निमूट मान डोलावली.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. नव्या मॅडम आल्या असंच वाटलं सगळ्यांना. ही दारातूनच म्हणाली, "बसा रे बाबांनो, मलाही बसायचंच आहे." वर्गात जो हशा उठला त्यात तिचं नाव पडलं, सिनियर. काडीसारखा बारीक म्हणून ज्याला सगळे पहिलवान म्हणत त्याने तिला शेवटच्या बाकावर जागा करून दिली. शेजारी एक मुलगी होती, तिचं कुजबुजणं फळ्यापर्यंत पोहोचायचं, म्हणून ती भोंगा. या दोघांनी सिनियरला ताब्यातच घेतलं.

काय सांगावे तिचे ते महिने! तिने तास बुडवला आणि बुडवून काय करायचं ते न कळल्यामुळे वाचनालयात जाऊन बसली, त्यावरून आठवडाभर चिडवून घेतलं. नाटकाचा पडदा ऐन वेळी फाटला तर रंगमंचाच्या मागे बसून हातशिलाई घातली आणि टाळ्या घेतल्या. वादविवादात उभी राहिली आणि बोललीसुद्धा. त्याचा परिणाम म्हणजे वीज कंपनीच्या ज्या खिडकीवर ती आजवर नवऱ्याला पुढे करायची, तिथे आता स्वतः भांडून बिल दुरुस्त करून आली. नवरा म्हणाला, "अरे बापरे, आता घरातही जपून राहायला हवं."

लेक मात्र ताटावर हल्ली कमी बोलायची. अभ्यास वाढला असेल, असं आईने ठरवून टाकलं. दुसऱ्या वर्षाच्या इमारतीकडे तिने शब्द दिल्याप्रमाणे पाऊल टाकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फारशी आठवणही काढली नव्हती.

एके दिवशी दुपारी कॅंटीनमध्ये टेबलावर कोपर टेकून सगळे बसले होते. भोंग्याने मान उंच केली. "तो बघा, आला खांब!"

"कोण खांब?" सिनियरने विचारलं. तिची नेहमीच त्या बाजूला पाठ असायची.

"दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे एक. रोज त्या खांबामागे उभी राहून डबा खाते. कोणाशी बोलणं नाही, चालणं नाही. गेल्या वर्षीपासून असंच, म्हणे." पहिलवानाने झाकणाआड तोंड लपवून भराभर खायची नक्कल केली. टेबल खदखदलं.

आता सिनियरलाही काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्याची तिला चटक लागली होती. ती म्हणाली, "अरे, तिला हलवू नका बरं का! छत कोसळेल कॅंटीनचं!"

इतका मोठा हशा तिने आजवर कधी मिळवला नव्हता. हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत तिने मागे वळून बघितलं. खांबाला टेकून तिची लेक उभी होती. हातात सकाळी हिनेच भरून दिलेला डबा. दोघींची नजरानजर झाली.

"सिनियर, ओळखतेस का गं तिला?" भोंग्याने विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

पोरीनेच तर सांगितलंय ओळख दाखवू नकोस म्हणून, असं तिने मनातल्या मनात लगेच स्वतःला समजावलं. पण समजावणं घशाखाली उतरेना. अट पाळली म्हणून ती नाही म्हणाली नव्हती. टेबलावर आपली किंमत कमी होईल म्हणून म्हणाली होती, आणि हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तो ग्रुप, ती एक बशी, ते गाणं म्हणणारे सर, सगळं पोरीने घरच्यांसाठी रचलेलं होतं. तिला आईची लाज वाटत नव्हती. आईला आपलं एकटेपण दिसेल याची वाटत होती.

रात्रीच्या जेवणाला बापाने नेहमीसारखं विचारलं, "काय गं, आज काय केलं तुमच्या ग्रुपने?"

लेक ताटातून मान वर न करता म्हणाली, "मजा आली. सगळे खूप हसले."

आईच्या घशात घास अडकला. बाप तिच्या पाठीवर थोपटत राहिला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती थेट खांबापाशी गेली, लेकीचा हात धरला आणि ओढतच टेबलाजवळ घेऊन आली. "काल मी खोटं बोलले. ही माझी मुलगी आहे," ती म्हणाली.

पहिलवानाचे कान लाल झाले. भोंग्याला पहिल्यांदाच आवाज फुटेना.

तेवढ्यात लेकच हसली. "मस्करी करतात हो काकू," ती म्हणाली. "आम्ही एका गल्लीत राहतो, एवढंच. काकू फार चांगल्या आहेत." हात सोडवून घेऊन ती जिन्याकडे निघून गेली.

टेबलावर सुटकेचा हशा झाला. "काय सिनियर, घाबरवलंस की!" पहिलवान म्हणाला आणि खुर्ची पुढे सरकवली. आई बसली नाही. धावतच तिने जिना गाठला. लेक अर्ध्या जिन्यात पायरीवर बसली होती.

"मी खरं सांगत होते ना? मग तू का गं खोटं बोललीस?"

"तुझे मित्र तुटले असते, आई."

"तुटू देत!"

"नको," लेक शांतपणे म्हणाली. "तुला इथे मजा येते. आपल्या घरातल्या एकीला तरी येऊ दे."

आई तिथेच पायरीवर बसली. लेकीने तिच्याकडे न बघता जरा सरकून तिला जागा दिली.