बेदाण्यांवरची तीन पत्ती

तीन पत्तीत नशीब नावाचा प्रकारच नसतो, हे सिद्ध करायला अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच माणूस जन्माला आला असावा, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. सिन्नरच्या एका कारखान्यात ते मालाची तपासणी करत. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून त्यांनी आम्हाला घेतलं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या सासुरवाडीत दर रविवारी दुपारी डाव बसे: दोघी बहिणी, आम्ही दोघे साडू आणि सासूबाई. पैसे लावायला सासूबाईंची बंदी, म्हणून वणीहून त्यांच्या भावाने पाठवलेले बेदाणे लावायचे.

साडूंनी मोबाइलवर पोकरचे धडे ऐकून एक सिद्धांत बसवला होता. जो माणूस कसल्याही पानांवर खेळत राहतो, पानं टाकून पॅक म्हणून करतच नाही, त्याला घाबरवायला जाऊ नये. तो घाबरत नाही. हलकी पानं आली की आपण मुकाट पॅक करावं, भारी आली की चाल वाढवत न्यावी, तो मागे येतोच. हे सगळं ते खेळता खेळता समजावत. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध डावपेच लढवायचे, त्यांनाच. यात धोका मात्र काही नव्हता. कोणी ऐकत नसे.

सासूबाई तर पानं उचलतच नसत. "पानं बघून काय पीक बदलतंय व्हय?" म्हणत बेदाणा पुढे सरकवायच्या. साडू पंधरा डाव सोडून देत, सोळाव्याला चष्मा नाकावर नीट बसवत आणि चाल दुप्पट करत. सिद्धांत खरा होता, हे मान्य करायला हवं, ते जिंकायचे. पण तोवर मधला अर्धा ढीग सासूबाईंनी बोलता बोलता तोंडात टाकलेला असे.

"आई, ते डावातले आहेत."

"लय गोड हायेत. घ्या ना तुम्हीपण."

साडूंना बेदाण्यांशी कर्तव्य नव्हतं, त्यांना मधुमेह. त्यांना एवढंच हवं होतं, की त्यांची चाल बघून सासूबाईंनी एकदा पॅक करावं. "एवढा माणूस वाढवतोय म्हणजे काहीतरी असेल, इतकंही वाटू नये त्यांना?" ते मला जिन्यात विचारत. प्रश्न थोरल्या जावयाच्या शब्दाला वजन आहे की नाही, हा होता. मी धाकटा, मत देत नसे.

यंदा सासूबाईंचे गुडघे तीन जिन्यांना पुरेनात, आणि त्यांनी बंगळुरूला मुलाकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी रविवारच होता. बॅगा दाराशी, आणि साडूंना भारी पानं. त्यांनी चाल दिली, दुप्पट केली, पुन्हा दुप्पट केली. सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपली पानं न उचलताच बाजूला सारली.

"मी पॅक, जावईबापू."

"का हो, आई?"

"तुम्ही एवढं वाढवता म्हणजे पानं असणारच. इतकी वर्षं सांगताय. ऐकत नव्हते, असं नाय."

साडूंचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. आपली पानं कुणाला न दाखवता त्यांनी गड्डीत घातली.

"हा डाव धरू नका," ते म्हणाले. "परत वाटतो."

"अहो, खाली गाडी आलीये," माझी मेहुणी म्हणाली.

"एकच," म्हणत ते पत्ते पिसू लागले. पिसतच राहिले. आता वाटा, असं आमच्यापैकी कुणालाच म्हणवेना.