आत्याने हॉर्न वाजवला

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा पाय कधी स्वस्थ बसत नाही, आणि ब्रेकआत्याचा तर मुळीच नाही. तिच्या शिकवणीच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन जागी होते. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी तिच्या. अख्ख्या जगाच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून तिला अशी खोड लागली होती, की घरी खुर्चीत बसल्या बसल्या दूध उतू जाताना दिसलं तरी आधी पाय फरशीवर दाबला जायचा आणि मग तोंड सुटायचं. नवरा गाडी चालवायला बसला की ती शेजारी इतके ब्रेक मारायची, की तिच्या पायाखालच्या चटईला भोक पडलं होतं. "बिचारीनं मला किती वेळा वाचवलं," असं तो चटईकडे बघून म्हणायचा.

बाई महाफटकळ. गिअर करकरला की म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं, गिअर पडेना गाडी खटारा!" पण हॉर्नला तिनं जन्मात कधी हात लावला नव्हता, शिकणाऱ्यालाही लावू द्यायची नाही. शहरात खरा चढ एकच, इस्पितळाचा. अर्ध्या चढावर सिग्नल आणि वर मोठं इस्पितळ, त्याला लागूनच मेडिकल कॉलेज. 'हॉर्न वाजवू नये' अशी पाटी तिथं होती आणि तिच्याखाली उभं राहून लोक खुशाल पोंपों करायचे. "आत माणसं जीव मुठीत धरून पडलीयत, आणि या मेल्यांना घाई!" आत्या काच खाली करून ऐकवायची.

तिची भाची, धाकट्या भावाची मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. अंगकाठीवरून नाव पडलं बारकी. आजीच्या पायाची जखम चिघळली होती तेव्हा घरातले सगळे नाकाला रुमाल लावून लांबून चौकशी करत होते. बारकी मात्र ती जखम रोज धुवायची, पट्टी बांधायची आणि वर आजीशी गप्पा मारायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, डॉक्टर व्हायचं. अभ्यासात कच्ची म्हणाल तर तसंही नाही. घरी विचारा, घडाघडा सांगेल. पण पूर्वपरीक्षेत फिजिक्सच्या एका गणितापाशी ती जी अडकली ती अडकलीच. आजूबाजूची पोरं पानं उलटतायत, पानांचा आवाज कानात शिरतोय, आणि ही तेच गणित खोडतेय, पुन्हा मांडतेय. अर्धा पेपर कोरा राहिला. पुढच्या पेपरलाही तेच झालं.

भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वभावानं भित्रा, पण लेकीवर जीव. तो आत्याकडे येऊन बसला. "ताई, तू सांग तिला. अंथरूण पाहून पाय पसरावेत. मेडिकल नको, दुसरं काहीतरी बघू. रडून रडून पोरगी निम्मी झालीय."

"निम्मी झाली तर उरलं काय? आधीच काडी ती!" आत्या म्हणाली. "आणि अंथरूण आखूड आहे हे तुला कुणी सांगितलं? पोरीला येत नाही असं नाही रे. पोरीची गाडी बंद पडते. ते माझं खातं आहे. उद्या पाठव तिला."

बारकीला नुकतंच अठरावं सरून शिकाऊ परवाना मिळाला होता. आत्यानं तिला अभ्यासातलं एक अक्षर विचारलं नाही. विचारून करणार काय, तिला स्वतःला फिजिक्स म्हणजे मोडी लिपी होती, न वाचता येणारी. तिनं सपाट रस्त्यावर हात बसवून घेतला आणि मग पोरीला थेट इस्पितळाच्या चढावर नेलं. सिग्नल लाल. हिरवा झाला, बारकीनं क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. मागून पोंपों सुरू.

"आत्या, मागचे ओरडतायत!"

"ओरडू देत. हॉर्न त्यांचा, गाडी तुझी. हँडब्रेक ओढ. क्लच दाब. चावी फिरव. आता क्लच अर्धा सोड, इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक खाली. गाडी बंद पडली म्हणून मेली नाही गं!"

पुढं रोज संध्याकाळी तोच चढ. गाडी बंद पडायची, बारकी रडकुंडीला यायची, आत्या तेच घोकून घ्यायची: ओढ, दाब, फिरव, अर्धा सोड, नीघ. हळूहळू गाडी चढायला लागली. पण बारकीचं तुणतुणं बदललं. "तुझा पाय असतो म्हणून चढते. परीक्षेत तू कुठं असणार आहेस?"

हे मात्र आत्याला लागलं. त्यात खोटं काय होतं? ती दरवेळी आपला क्लच हळूच सावरत होतीच. मायेनं का होईना, पोरीच्या वाट्याचा चढ ती चोरत होती.

परीक्षा तोंडावर आली असताना पुन्हा तोच लाल सिग्नल लागला. मागं एक बस येऊन उभी राहिली, शेपटीला नाक लावून. आत्यानं हळूच चपला काढल्या, दोन्ही पाय उचलले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली. अख्ख्या आयुष्यात चालत्या गाडीत तिचे पाय असे रिकामे झाले नव्हते. जीव टांगणीला लागला. सिग्नल हिरवा झाला. गाडी बंद पडली. बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. बारकी ओठ हलवत पुटपुटली, ओढलं, दाबलं, फिरवलं, अर्धं सोडलं, इंजिन जड झालं, आणि गाडी इंचभरही मागं न घसरता वर निघाली.

वर कॉलेजच्या भिंतीपाशी बारकीनं गाडी थांबवली. "आज तू गाडी छान सावरलीस," ती आत्याला म्हणाली.

"खाली बघ," आत्या म्हणाली.

बारकीनं बघितलं. चपला खाली, आत्या मांडी घालून वर. मग ती म्हणाली, "आत्या, बस होती गं मागं!"

"होती ना! माझे राम राम म्हणून झाले होते," असं म्हणत आत्यानं डोळे पुसले आणि लगेच खेकसली, "रडतेस काय? आरसा बघ, इंडिकेटर दे, घरी चल!"

प्रवेशपरीक्षेला आत्या फाटकाबाहेर कट्ट्यावर बसली होती आणि जमिनीवर ब्रेक मारत होती. आत काय झालं ते बारकीनं मागून सांगितलं. फिजिक्सच्या एका प्रश्नाशी ती अडकली, पानांची सळसळ कानात शिरली, आणि तिचा डावा पाय आपोआप बाकाखाली दाबला गेला. तोही इतक्या जोरात, की चप्पल सुटून पुढच्या मुलाच्या पायावर आदळली. पर्यवेक्षक धावत आले. "काय चाललंय?"

"काही नाही सर, गाडी बंद पडली होती. झाली चालू."

त्यांनी तिच्याकडे संशयानं बघितलं, पण बारकी तो प्रश्न सोडून केव्हाच पुढं निघाली होती. शेवटी परत येऊन तिनं तोही सोडवला.

निकाल लागला आणि बारकीला मेडिकलला जागा मिळाली, तीही चढावरच्या कॉलेजात! भाऊ दुकानातून धावत आला तो लोकांचा चष्मा डोळ्यावर तसाच ठेवून. त्याला ना लेक नीट दिसली ना ताई, मग त्यानं दोघींनाही एकदमच कवटाळलं.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिघं त्याच गाडीतून निघाले. बारकी चालवायला, आत्या शेजारी मांडी घालून, भाऊ मागं देव आठवत. अर्ध्या चढावर सिग्नल लागला, हिरवा झाला, आणि गाडी बंद पडली. मागं पोंपों. भाऊ किंचाळला, "ताई, ब्रेक!"

आत्या जागची हलली नाही. बारकीनं शांतपणे हँडब्रेक ओढला, चावी फिरवली आणि एका दमात गाडी वर नेऊन कॉलेजच्या फाटकात उभी केली. आत्यानं त्या फाटकाकडे बघितलं, भाचीकडे बघितलं, मग वाकून हात लांब केला आणि जन्मात न शिवलेला हॉर्न एकदाच, सणसणीत वाजवला.

पहारेकरी धावत आला. "ओ बाई! इस्पितळ आहे हे, कळत नाही का?"

"कळतं हो, चुकलं," आत्या हसत हसत रडत म्हणाली. "पण दादा, तुमची नवी डॉक्टरीण आलीय ना!"