अंगठ्याएवढी चौकट

चौकटवालीला तिच्या खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. जिन्याखालच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आकडे पुसट झालेली पट्टी, एवढ्यावर तिनं वीस वर्षं लोकांना भरायचे फॉर्म तयार केले. रंगीत जाहिराती करायच्या त्यांनी कराव्यात, ही आपली रेघा मारायची. नावाला केवढी जागा, पत्त्याला किती ओळी, सहीसाठी कुठं मोकळं सोडायचं, यावर ती इतका जीव पाखडायची, की घर बांधणाराही खोल्यांवर पाखडत नसेल.

तिची एक खोड होती. फॉर्म गिऱ्हाइकाला देण्याआधी ती तो शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींकडून बॉलपेननं भरून घ्यायची. मावशींची अक्षरं शेंगदाण्याएवढी आणि इस्त्रीची मूठ धरून धरून अंगठा पसरट झालेला. "मावशींना पुरलं की जगाला पुरलं," असं म्हणायची. अंगठ्याची चौकट तर मावशींचाच अंगठा उठवून, पट्टी लावून ठरवलेली.

डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्मही तिनं असाच करून दिला. फुकट ऑपरेशनसाठी सही आणि अंगठा दोन्ही लागत. पहिल्या झटक्यातच मावशींनी अर्ज भरला, कारण मोतीबिंदूपायी त्यांनी एकाच आठवड्यात दोन शर्टांच्या कॉलरी जाळल्या होत्या.

आणि आज तो अर्ज परत आला. वर लाल शाईनं लिहिलेलं: अंगठा चौकटीबाहेर, अमान्य. यादी आज संध्याकाळी पाचला बंद होणार होती. त्यानंतर थेट पुढचं वर्ष.

"काय गं," मावशी दारातूनच कडाडल्या, "माप माझं घेतलंस ना? मग मीच कशी मावत नाही?"

चौकटवालीनं पट्टी लावली. चौकट निम्मीच! नावाची ओळ निम्मी, पत्ता निम्मा, सगळा फॉर्मच आक्रसलेला. तिच्या लक्षात आलं. दवाखान्यानं एका कागदावर दोन फॉर्म छापून मधून कापले होते. आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, तिच्याच दुकानाचं नाव.

"नाव माझं आणि काम यांचं!" ती म्हणाली. तिनं खणातली शाईची डबी उचलली, दुकानाला कुलूप लावलं आणि मावशींचा हात धरून तरातरा निघाली.

दवाखान्याच्या खिडकीतला कारकून चहा पीत होता. तिनं आक्रसलेला फॉर्म त्याच्यापुढं धरला.

"साहेबांची आयडिया," तो कौतुकानं म्हणाला. "निम्मा कागद वाचला. वरून शाबासकी आली."

"कागद वाचवलात आणि माणसांचे डोळे घालवलेत!"

"अहो बाई, लोकांना धड अंगठा लावता येत नाही, त्याला आम्ही काय करणार? हे बघा, तुमचा धरून बावन्न बाद केलेत." त्यानं फितीनं बांधलेला गठ्ठा दाखवला.

बावन्न! तिनं डबी उघडून त्याच्यापुढं सरकवली, शेजारी कोरा फॉर्म ठेवला.

"लावा."

"मी कशाला?"

"शिकलेले आहात. धड लावाल."

मागची रांग पुढं सरकून बघायला लागली. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. त्यानं हलकेच, फुंकर घातल्यासारखा अंगठा टेकवला. शाई तिन्ही बाजूंनी रेघ ओलांडून तारखेवर पसरली.

"बाद!" रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि जिच्या एका डोळ्याला पट्टी होती ती म्हातारीही खदखदली.

कारकून अंगठा पुसत आत साहेबांकडे गेला आणि पडेल चेहऱ्यानं परत आला. "साहेब म्हणाले, तुमच्या मावशींचा घेऊन टाकू. जा आता."

मावशींनी वाकून गठ्ठ्याकडे डोळे बारीक केले. "आणि हे एक्कावन्न काय आंधळे राहणार? माझा एकटीचा नको घेऊ रे बाबा."

"मावशी, तुमचं काम झालंय ना?"

"माझ्या अंगठ्याच्या मापाचा फॉर्म आहे तो," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांचा घे."

कारकुनानं पुन्हा आत चक्कर मारली. बाहेर आला तो थेट फीत सोडायला बसला. लाल शेऱ्यावर काट, शेजारी शिक्का. काट, शिक्का. घड्याळात पावणेचार झाले होते.

बाविसाव्या फॉर्मवर त्यानं मान वर केली. "बाई, तुम्ही जा. मी करतो ना."

"करा की," चौकटवाली म्हणाली आणि बाकडं खिडकीजवळ ओढून बसली. "मी बघतेय."