दूध उतू चाललं नव्हतं

माझी सून सुरेखा तिसरा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आली, तशी मी उठले आणि दारात आडवी उभी राहिले. कप तिच्या डाव्या हातात होता. उजवं मनगट सुजून काळंनिळं पडलं होतं — माझ्या मुलानं, दत्तानं, आदल्या दिवशी पिरगाळलं होतं. बाहेर पडवीत सरकारची बाई बसली होती. सुरेखालाच भेटायला आली होती. सुरेखा हळूच म्हणाली, "आत्या, मला बोलू द्या." मी तिच्या हातातून कप काढून घेतला आणि म्हणाले, "दूध उतू चाललंय. बघ जा."

दूध उतू चाललं नव्हतं.

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. दत्ताजवळ नाही, नातीजवळ नाही. देवाजवळही नाही — त्याला ठाऊक असेल तर असू दे, मी होऊन सांगितलं नाही. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं कारण शोधू नका.

आमचं गाव चाकणच्या अलीकडं. शेत कंपनीत गेलं, उरल्या तुकड्यावर आम्ही खोल्या काढल्या, त्यात कंपनीची पोरं भाड्यानं राहतात. दत्ता कंपन्यांना माणसं पुरवतो. बाहेर त्याला सगळे भाऊ, भाऊ करतात. घरात त्याचा हात चालायचा. मी शेजारच्या खोलीत असायचे. भिंत चार इंचाची. ऐकू येत नव्हतं असं म्हणू?

सुरेखानं गुपचूप तालुक्याला जाऊन अर्ज दिला होता. कसा दिला, कुणी शिकवलं — मला वाटलं अंगणवाडीतल्या बाईनं. मग वाटलं, भाडेकरणीनं. मग तिच्या माहेरच्यांनी. तिची तिला अक्कल असेल हे मात्र डोक्यात आलं नाही. कचेरीनं काय करावं? येण्याआधी फोन केला. सुरेखाचा फोन दत्ताच्या खिशात असायचा. त्यानंच उचलला. "या की म्याडम, घर तुमचंच हाय," असं गोड बोलला, फोन ठेवला आणि आत गेला. मनगट तेव्हाचं.

दुसऱ्या दिवशी दत्ता कामावर गेला. जाताना मला म्हणाला, "आये, तू हायेस न्हवं घरी?" एवढंच. बाकी सांगावं लागलं नाही.

बाई आल्या. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारनं नेमलेल्या, संरक्षण अधिकारी म्हणतात त्यांना. घामाघूम, चाकणच्या ट्रॅफिकमधून आलेल्या, अजून दोन घरं राहिलेली. बरोबर पोलिसातली एक पोरगी. बाई म्हणाल्या, "सूनबाईंशी बोलायचंय."

"बोला की. पण आधी च्या घ्या. आमच्यात कुणाला कोरडं धाडत न्हाईत," मी म्हणाले, आणि आत हाक दिली, "सुरेखा, च्या टाक गं!"

पोलिसातली पोरगी हसली. "आजी, साखर जपून. आमच्या म्याडम आधीच गोड आहेत."

असं सगळं हसतखेळत झालं. कुणी कुणावर ओरडलं नाही. चहा होईस्तोवर बाई म्हणाल्या, तोवर तुम्हीच सांगा. मी सांगितलं — न्हाणीत घसरली, हाताला लागलंय, शेवाळ लय धरतंय. मुलगा कधी तापट, पण मनानं चांगला. नवराबायकोत भांडण कुठं नसतं? बाई मान हलवत होत्या. माझं खरं वाटत होतं, की त्यांना निघायची घाई होती? मला अजून कळलेलं नाही.

सुरेखानं पहिला कप आणला. एकच. बाईंनी वर पाहिलं. "तुम्हीच का सुरेखा?"

"व्हय."

ती पुढं काही बोलणार तोच मी म्हणाले, "अगं, दुसरा कप आण की. पाव्हणीला ताटकळत ठेवतीस व्हय?"

दुसरा कप आणला. तोही एकटाच. आधी मला वाटलं, एका हातानं ताट पेलत नसेल. मग मी तिचे डोळे पाहिले. ते कपावर नव्हते, माझ्यावर नव्हते. बाईंवर होते. ती एकेक कप अशासाठी आणत होती, की दर कपाला तिला एकदा पुढं येता यावं. कधी ना कधी ही बाई आपल्या हाताकडं बघेल, एवढा तिचा हिशेब. मी तो ओळखला. संशय घेण्यात मी पहिल्यापासून हुशार. म्हणून तिसऱ्या कपाला मी बसून राहिले नाही.

आणि ती गेलीसुद्धा, दूध बघायला. आमच्यातली बाई दूध उतू चाललंय म्हटल्यावर आधी चुलीकडं जाते. ते ठाऊक होतं म्हणूनच मी तेच म्हणाले.

बाई उठल्या. सूनबाईंना काही लागलं तर फोन करायला सांगा म्हणाल्या आणि नंबर माझ्याजवळ दिला. माझ्याजवळ! तो सुरेखापर्यंत कधी गेला नाही.

माझ्या नवऱ्यानंही मला मारलं. हे माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाही. उलट सांगते. दुखऱ्या हातानं चहाचं पातेलं उतरवायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माहीत असून मी तिला चहा टाकायला लावला.

यंदा एक मुलगी आली. कॉलेजची, संशोधन करते म्हणाली — असल्या अर्जांचं सरकारी कचेऱ्या पुढं काय करतात, घरी येऊन कशी चौकशी करतात. मी चहा विचारला. ती म्हणाली, "नको आजी, तुम्ही बसा." चहा नको म्हणणारी माणसं आमच्याकडं जमीन मोजायला आलेली असतात. मी सावध झाले. हिला कुणी पाठवलं? सुरेखानं? भावकीनं?

तिनं फार काही विचारलं नाही. एकच विचारलं, "त्या बाई आल्या होत्या, तेव्हा तुमची सून कुठं बसली होती?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सुरेखानं पुढं केस घातली, तेव्हा कोर्टातही नाही, गावात नाही. मारलं का, का मारलं, किती मारलं, सगळे तेच. ही विचारते, कुठं बसली होती.

मी म्हणाले, "हितंच की. माझ्या शेजारी."

तिनं लिहून घेतलं. म्हणजे आता तिच्या संशोधनात असं असणार, की आमच्या घरी सरकारी बाईनं सुनेला समोर बसवून नीट विचारलं. ते कुणीतरी वाचेल, खरं मानेल. मी कशी मानू? असल्या कागदात कोण बोललेलं असतं, ते मला माहीत आहे.

सुरेखा त्यानंतरही बरेच दिवस या घरात मार खात राहिली. मग एका सकाळी, बायकांना कंपनीत नेणाऱ्या गाडीत पोरीला घेऊन चढली, ती आलीच नाही. काळेवाडीत खोली करून राहते, पॅकिंगच्या कामाला जाते. मनगट वाकडंच सांधलं. नात कधीमधी येते, तिच्याकडून कळतं.

मी तिला भेटायला गेले नाही. जाणारही नाही. गेले तर उठून तिला मला चहा विचारावा लागेल.

तो तिसरा कप माझाच होता. मी पडवीत बसून तो प्यायले. हात मोडला तो सुरेखाचा. त्या घरातून जिवंत बाहेर पडली तीही सुरेखाच, कुणाच्या मदतीवाचून.