ओली वाळू

हत्तीकॅम्पवर सकाळची आंघोळ बघायला मी ओढ्याकाठी बसले होते. चांदणी नावाची हत्तीण पाण्यात उतरली. तिने सोंड भरून घेतली आणि ते पाणी काठावरच्या रिकाम्या वाळूवर हळूच सोडलं. मग स्वतःच्या पाठीवर घेतलं.

"रोजचंच आहे तिचं," माहुताची बायको मैनाबाई म्हणाली.

चांदणीला दिवस गेले ते डॉक्टरांच्या नळीतून. हत्ती कमी होत चाललेत, म्हणून हा सगळा खटाटोप. नर कुठल्या दूरच्या राज्यातला, तिने तो कधी पाहिलाही नाही. मैनाबाईने आपल्या हिशेबाने सातव्या महिन्यात तिची ओटी भरली, गळ्यातल्या दोराला हिरवा खण बांधला. डॉक्टर हसले. "अहो, हत्तिणीला जवळजवळ दोन वर्षं लागतात!"

"मग पुन्हा भरीन," ती म्हणाली, आणि वेळ आली तेव्हा भरलीही.

पिल्लू इथेच, काठावर जन्मलं. मेलेलंच. ते उठावं म्हणून चांदणी दिवसभर त्याच्यावर पाणी घालत राहिली.

हत्तींची जात टिकायला हवी, हे मला पटतं. पण ती काळजी आपली. चांदणीला फक्त तिचं पिल्लू हवं होतं.

"थंडीत पुन्हा करू म्हणतात डॉक्टर," मैनाबाई म्हणाली.

"ओटी भराल?"

ती उठून चालू लागली, मीही निघाले. तिने चटकन माझा हात धरला आणि मला त्या वाळूला वळसा घालून नेलं.

"तिथून नका जाऊ, ताई. ओलं आहे."