मेंग साहेबांचा महत्त्वाचा फोन

मेंग साहेब जहाजांच्या कारखान्यात खरेदी खात्याचे प्रमुख. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण इंग्रजीच्या तासाला सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या खुर्चीत बसायचा. बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला घामाघूम. मी मूळची आयर्लंडची. इथे कोरियात, कोजे बेटावर शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण इतका मनापासून चुकणारा विद्यार्थी दुसरा पाहिला नाही.

साहेबांचं झालं की हाताखालची माणसं बोलायची, मानाच्या क्रमाने. सगळ्यात शेवटी सो-रान. एरवी माझ्याशी फाडफाड इंग्रजी बोलणारी ही पोरगी वर्गात मात्र साहेब जिथे अडले, नेमकी तिथेच अडायची.

एकदा मी तिला जिन्यात गाठलंच. "मुद्दाम करतेस ना गं?"

"मग काय करू, बाई? साहेब अडले आणि मी घडाघडा बोलले, तर चारचौघांत त्यांची मान खाली जाईल. मला काम त्यांनीच शिकवलंय."

"आणि ऑस्लो?"

ती जिना उतरायला लागली. कंपनीच्या ऑस्लोच्या, म्हणजे नॉर्वेतल्या ऑफिसात वर्गातल्या एकालाच पाठवणार होते आणि निवड करायला राजधानी सोलच्या मुख्य ऑफिसातल्या एक बाई शेवटच्या तासाला येऊन बसणार होत्या. सो-रानला जायचं होतं, अगदी जिवापाड जायचं होतं. मला तिचा रागही आला आणि वाईटही वाटलं. मागे मी बोलण्याचा क्रम उलटा करून पाहिला होता, तर हिने घसा बसल्याचं सोंग केलं. साहेबांना सांगावं, तर तोच त्यांचा अपमान.

शेवटच्या तासाला साहेब नवा टाय लावून आले. उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि एकदम खिशातून फोन काढला. "माफ करा, महत्त्वाचा आहे," म्हणत बाहेर पडले.

बाकीच्यांचं झालं. सो-रान उठली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि बोलायला लागली. पोलादाचे भाव, लांबलेला माल, चिडलेला व्यापारी, सगळं धडाधड. सोलच्या बाई लिहायचं विसरून ऐकत राहिल्या.

मी दार लावायला गेले. साहेब बाहेर भिंतीला टेकून उभे, बंद फोन कानाला.

"साहेब, आत चला की."

"श्शू! तिचं होऊ दे आधी." मग कुजबुजले, "मला काही कळत नाहीये, बाई. पण कुठे अडत नाहीये ना ती?"

"कुठेच नाही."

"मग दार थोडं उघडंच राहू द्या," साहेब म्हणाले आणि डोळे पुसले.