कोंडलेली ज्योत

लढाईच्या दिवसांत मी तिसगावात मास्तर होतो. नाताळ तोंडावर आला की विज्ञानाच्या तासाला पोरं माझी राहायचीच नाहीत. शेजारच्या चर्चमध्ये ढोलकीवर गाण्यांची तालीम चालायची, सगळे कान तिकडे. एकदा मी वैतागून दारं-खिडक्या लावून टाकल्या. बायकोनं नाताळसाठी जपलेली एकुलती एक मेणबत्ती मी घरून आणली, पेटवली आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. सगळे डोळे ज्योतीवर. ज्योत बारीक होत विझली.

"का विझली?"

‘प्राणवायू संपला’ एवढंच मला ऐकायचं होतं. पुढं बसलेली मुलगी म्हणाली, "गुर्जी, तुमी कोंडली म्हनून."

हात छडीकडे गेला होता, पण मी दार उघडलं. क्षणात वर्ग रिकामा झाला, तिच्यासकट.